पिंपातली तुविरा

प्रिय झोराइद,

फोनवर तू माझं बोलणं अर्ध्यावर तोडतेस आणि भात करपतोय म्हणून ठेवून देतेस. एवढा भात खरंच करपला असता तर तुझा लेक एदेर एव्हाना उपाशी मेला असता. म्हणून हे पत्र. कागदाला मध्येच थांबवता येत नाही. फाडता येईल, पण तू फाडणार नाहीस, कारण हे अक्षर मला तूच शिकवलंस, आरिस्तिदेसच्या दुकानामागे मिठाच्या पोत्यांवर बसवून. पोराबाळांची आई झालेल्या बाईच्या हातावर तू पट्टी मारायचीस आणि मी मुकाट्यानं पाटी पुसायची.

आधी बातम्या देते. नदी यंदा शहाण्यासारखी वेळेवर उतरली. काठाकाठानं जलपर्णीची बेटं अडकून पडली आहेत आणि त्यांच्या मुळांत तुविरा अशा दाटल्या आहेत की जाळी उचलताना हाताला ओझं कळतं. साओ पाउलोहून गळ टाकायला येणाऱ्या हौशी लोकांची रांग लागली आहे, त्यांना मोठ्या माशासाठी आमिष हवं आणि आमिष म्हणजे आपली सुरीसारखी लांबट तुविरा मासळी, तेव्हा आरिस्तिदेसची चैन आहे. तो अजून आपल्याला 'पोरींनो' म्हणतो, आपल्यापेक्षा लहान असून. शिंग मोडलेली म्हातारी गाय गेली. माझ्या रोझानेला दुसरी मुलगी झाली, नाकडोळे बापाचे, आवाज माझा. आणि जुलैपासून क्लेउनिसे माझी जोडीदार झाली आहे. हस बाई, हस. मी 'आता' म्हणायच्या आधी ती तिचं टोक उचलते, मासळी सगळी माझ्या पायांवरून पळून जाते, आणि वर म्हणते जाळीच वाकडी आहे. नाचता येईना अंगण वाकडं. पण मनाची चांगली आहे आणि घरून चिपा, ते चीजचे पाव, भाजून आणते, म्हणून खपवून घेते.

जाळीच्या दोन टोकांना दोन बायका, हे आपल्या धंद्याचं लग्नच आहे. मला जेरोनिमोबरोबरच्या संसारात इतकी वर्षं मिळाली नाहीत जितकी तुझ्याबरोबर छातीभर पाण्यात मिळाली. आपल्याला बोलावंही लागायचं नाही. तू श्वास घेतलास की मला कळायचं आता उचलायची. आणि उतरायच्या आधीचा तुझा तो दरारा! काठावर पत्र्याचा डबा ठेवायचीस आणि प्रत्येकीला अंगावरचं लोखंड, चांदी, सोनं काढून त्यात टाकायला लावायचीस. बांगडी, कानातलं, केसांतली पिन, कमरपट्ट्याचं बक्कल. माझी लग्नातली अंगठी निघता निघेना तेव्हा साबण लावून काढलीस. धातू पाण्यात गेला की तुविरेला लांबून कळतं आणि ती मुळांत आत आत शिरते, हे तुझ्या आईनं तुला सांगितलं, तू आम्हाला. नव्या पोरी कुरकुरायच्या, तू त्यांना परत पाठवायचीस.

मग तो गेल्या वर्षीचा ऑक्टोबर. तुला आठवत नसेल, कारण तू शुद्धीवर होतीसच कुठे. मी माझं टोक उचललं आणि समोरचं टोक पाण्यात गेलं. मला वाटलं थट्टा करतेस. मग तुझे केस पाण्यावर पसरलेले दिसले. तुला काठावर ओढून आणेपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि तू डोळे उघडून पहिलं काय विचारलंस, तर जाळी कुठे आहे. कोरुंबाच्या डॉक्टरनं सांगितलं की ठोका चुकतोय, हृदय मध्येच थांबतं, छातीत कातडीखाली छोटं यंत्र बसवावं लागेल. तू सगळं नीट ऐकून घेतलंस. आणि लाँचनं परतून आपल्या धक्क्यावर उतरताना म्हणालीस, "बांगडी डब्यात काढून ठेवता येते, लिंदाउरा. छातीतलं काय काढून ठेवू?"

आम्ही सगळ्याजणी तुझ्याच हाताखाली शिकलेल्या. यंत्र म्हणजे धातू, शिवाय त्यात वीज, आणि तुविरेला तर नुसती पिन खपत नाही. तू म्हणालीस, मासे पळवणारी बाई होऊन काठावर बसण्यापेक्षा आहे तेवढे दिवस बाई म्हणून जगते. आणि सामान बांधून एदेरकडे काम्पो ग्रांदेला निघून गेलीस, जिथं पाहायला नदीसुद्धा नाही. मी रागावले होते तुझ्यावर. अजूनही आहे थोडी. पण तुझी चूक अशी होती की ती चूक आहे हे दाखवायला आपल्यापैकी कुणाकडे काही नव्हतं, आणि तिथंच सगळं घोडं पेंड खात होतं.

तू गेल्यावर आरोग्य खात्याची बाई आली. ती म्हणाली, हा आजार मातीच्या भिंतींतल्या त्या किड्यांचा, जे आपण लहान असताना अंधारात तोंडावर चावून जायचे आणि आई चुन्यानं भिंत लिंपायची. चावा विसरला जातो, पण आत गेलेला जंतू वर्षानुवर्षं हृदय कुरतडत बसतो. म्हणून नदीकाठच्या त्या जुन्या ओळीत वाढलेल्या सगळ्यांचं रक्त तिनं नेलं. त्याचं पुढं काय झालं ते ओघानं येईलच.

आता तालिताबद्दल. तू गेल्यावर शाळेत आलेली नवी मास्तरीण, उंच, चष्मा सतत घसरणारा, तेरेरेच्या थंड काढ्याचं शिंग हातात दिलं की आभार मानून चटकन परत करणारी, आणि आभार म्हणजे आपल्याकडे 'मला पुरे', मग तिला दुसरा घोट मिळतच नाही. आम्ही तिला तो रिवाज सांगायला बरेच दिवस लावले, कारण तेवढाच आमच्या वाट्याला जास्त येत होता. ती एकदा आरिस्तिदेसच्या आमिषाच्या टाक्यांपाशी दोन तारा आणि मोडक्या रेडिओचा कर्णा घेऊन बसली. तारांची टोकं पाण्यात सोडली आणि कर्ण्यातून आवाज आला, टर्रर्र, दूर वळणापलीकडे कुणी मोटारबोट लावून ठेवावी तसा. आरिस्तिदेस खरंच उठून नदीकडे बघायला गेला. ती तुविरा होती, झोराइद. आपण जन्मभर जिला बादलीत टाकली तिचा आवाज. तो कानाला ऐकू येत नाही, कारण तो आवाजच नाही, ती वीज आहे. ती दिवसरात्र थांबत नाही, झोपेतही नाही.

तालितानं मला ते समजावलं तेव्हा मी तिला तीनदा उलट विचारलं, म्हणून मला चांगलं येतं. प्रत्येक जिवाच्या देहात बारीक बारीक खोल्या असतात आणि त्यांना दारं. त्या दारांतून मिठाचे कण आत-बाहेर करत राहतात आणि त्या ये-जा करण्यातूनच वीज होते. ती वीज आली की स्नायू आवळतो. तुविरेच्या अंगातले काही स्नायू पिढ्या उलटता उलटता आवळायचं विसरून गेले आणि नुसती वीज तेवढी करत राहिले. ती वीज ती आपल्या भोवती पाण्यात पसरते आणि त्या पसाऱ्यात काहीही आलं, मुळी, मासा, हात, की तिला कातडीनंच कळतं. गढूळ पाण्यात डोळ्यांचा काय उपयोग. आणि आपल्या हृदयातही, वरच्या कोपऱ्यात, अशीच एक जागा आहे जी आपण होऊन ठोका सोडते. तो ठोका खाली नेणाऱ्या वाटा मांसाच्याच असतात. किड्याच्या जंतूनं त्या वाटा कुरतडल्या की वरून ठोका सुटतो पण खाली पोचत नाही. यंत्र काय करतं, तर फक्त पोचला नाही तर पोचवतं. पोचला तर गप्प बसतं. क्लेउनिसेपेक्षा समजूतदार म्हणायचं.

हे ऐकून मी तालिताला तुझा प्रश्न विचारला, बांगडी आणि छाती असा, जसाच्या तसा. तिनं चष्मा वर सारला. सरळ कबूल केलं की ती इथल्या तुविरेच्या वतीनं शब्द देऊ शकत नाही. म्हणाली, "तुविरेलाच विचारूया की."

तर जूनअखेरचा सेंट पीटरचा दिवस, आपला कोळ्यांचा सण. सकाळी संताच्या मूर्तीची नावेतून मिरवणूक झाली, दुपारी पाकू मासा निखाऱ्यांवर चढला आणि शाळेच्या आवारात अर्धं कापलेलं निळं पिंप मांडलं. त्यात नदीचं पाणी, जलपर्णीची मुळं आणि एक मोठी तुविरा. कर्णा आंब्याच्या फांदीला टांगला. सगळं बंदर जमलं होतं. आधी तालितानं गंमत म्हणून तारा मिठाच्या पाण्यात बुडवून आरिस्तिदेसच्या दंडावर चिकटवल्या आणि मूठ आवळायला सांगितली. कर्ण्यातून खरखर, जोरात. मूठ सोडली की गप्प. आरिस्तिदेसचा चेहरा पाहण्यासारखा होता. मग काय, रांगच लागली. जो तो आपली वीज ऐकायला दंड पुढे करतोय. दोना एर्मिनिया, जिला काठीशिवाय उठता येत नाही, तिनं मूठ आवळली आणि तिची खरखर आरिस्तिदेसपेक्षा मोठी निघाली. तिनं आयुष्यभर मका कुटला आहे, त्यानं आयुष्यभर बायकांनी पकडलेले मासे मोजले आहेत. तो म्हणाला कर्णा बिघडला असेल. ती म्हणाली, "परत लाव, तुझ्या बायकोला पण ऐकू दे." लोक हसून हसून खाली बसले. मला सारखं वाटत होतं की तू इथे हवी होतीस.

मग खरं काम. एकेकानं पिंपात हात घालायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचं. हात पाण्यात गेला की तुविरेची टर्रर्र जलद व्हायची, कोण आलं म्हणून पाहिल्यासारखी, आणि थोड्या वेळात पुन्हा पहिल्यासारखी. प्रत्येकाच्या हाताला असंच. आरिस्तिदेसचं म्हणणं की त्याच्या हाताला ती जास्त घाबरली, पण तसं काही नव्हतं. मग क्लेउनिसेनं आपला बांगड्यांनी भरलेला हात कोपरापर्यंत घातला, आणि झोराइद, कर्णा असा किंचाळला की झाडावरचे पोपट उडाले. तुविरा मुळांत शिरली ती बाहेर येईना. तेव्हा सगळ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि तुझं नाव घेतलं. तुझी आई खरं सांगत होती. तू आम्हाला खरं शिकवलंस. हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून सांगतेय.

पण त्यानं भीती वाढलीच. कारण आता बांगड्यांचं खरं ठरलं होतं, म्हणजे यंत्राचंही तसंच असणार. आणि छातीत यंत्र असलेली एक बाई तिथं होती. आपल्या त्याच जुन्या ओळीतली. जानेवारीत काम्पो ग्रांदेलाच तिची शस्त्रक्रिया झाली होती, तू तिथं असताना, आणि तुला कळू दिलं नव्हतं. जखम भरली, डॉक्टरनं पाण्यात उतरायला परवानगी दिली, पण मार्चमध्ये मासेमारी उघडली तेव्हा तिला कुणी होडीत घेतलं नाही. कुणी वाईट बोललं नाही गं, उलट सगळ्या गोड बोलल्या. आज नको, होडीत जागा नाही, उद्या बघू. ती रोज काठावर येऊन डब्याशेजारी बसायची आणि इतरजणींच्या बांगड्या सांभाळायची. नाव आत्ता सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस, म्हणून थांब जरा.

तिची पाळी आली तेव्हा सगळे पिंपाभोवती सरकले. तिनं कानातलं काढलं, अंगठी काढली. तिला वाटत होतं की तुविरा किंचाळली तर उद्यापासून आपण या नदीच्या कुणी नाही. ती पिंपाशी गुडघे टेकून बसली आणि नुसता हात घालून भागणार नाही म्हणून खांद्यापर्यंत वाकली, छाती पाण्याला लागेपर्यंत, सणाचा नवा झगा भिजला तरी. टर्रर्र जलद झाली. आणि मग ती हळूहळू खाली आली, पहिल्यासारखी, जशी दोना एर्मिनियाला आली, आरिस्तिदेसला आली, दूध पिणाऱ्या लेकराच्या बोटाला आली. आणखी थोड्या वेळानं तुविरा मुळांतून बाहेर निघाली आणि त्या बाईच्या मनगटापाशी येऊन उलटी पोहू लागली, शेपटीकडून, जशा त्या एखादी जागा नीट तपासताना पोहतात. तालितानं नंतर सांगितलं की यंत्राची वीज तारेतून थेट हृदयात जाते आणि तिथंच संपते, वरून मांस आहे, कातडी आहे, बाहेर पाण्यात जवळपास काही येतच नाही. तुविरेला ती बाई इतरांसारखीच एक बाई वाटली. बस्स. नुसती एक बाई. आधी क्लेउनिसे रडायला लागली, मग सगळ्याच.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या बाईला बोलवायला एक सोडून तीन होड्या आल्या. ती कुणाच्या होडीत बसावं या विवंचनेत पडली. शेवटी चिपाच्या वासावर गेली.

आता तुला कळलंच असेल. माझं रक्त डिसेंबरात तुझ्यासारखंच निघालं. मला दोनदा भोवळ आली होती आणि मी ती उन्हावर ढकलली होती. मला जायचं नव्हतं, झोराइद. तुझ्याइतकीच मीही घाबरले होते, माझीही तीच नदी आणि तोच डबा. रोझानेनं पोटातल्या बाळावर माझा हात ठेवला, म्हणून गेले. तुला सांगितलं नाही, कारण सांगून काय झालं असतं? मार्चमध्ये मी काठावर बांगड्या राखत होते तेव्हा तू म्हणाली असतीस, बघ, मी म्हणत नव्हते का? मला आधी पाण्यात उतरायचं होतं, हातानं मासे धरायचे होते, आणि मग तुझ्याशी बोलायचं होतं. एदेरला मी शपथ घातली होती, त्याच्यावर चिडू नकोस. त्यानंच कळवलं की तू परवा स्वयंपाकघरात पुन्हा पडलीस, की डॉक्टरनं पुढच्या आठवड्यातली तारीख दिली आहे, आणि की तू 'बघू' म्हणतेस. तुझं 'बघू' मला चांगलं ठाऊक आहे, ते नाहीच असतं.

मला तुझ्याशिवाय या नदीत म्हातारं व्हायचं नाही. हे एवढं सांगायला मी इतकी पानं खरडली. हे पत्र आज लाँचवाल्याकडे देतेय आणि बुधवारी मी बसनं येतेय, क्लेउनिसेचे चिपा घेऊन. तू काही ठरवू नकोस, नुसतं दार उघड. आणि तरीही नाहीच म्हणायचं असेल, तर म्हण, मी ऐकून घेईन. पण आधी माझ्या छातीवर, डाव्या खांद्याखाली, तुझा हात ठेव, आतला ठोका मोज, आणि मग म्हण.

जाळीच्या दुसऱ्या टोकाला उभी असलेली,
तुझीच
लिंदाउरा